गाडी का कण्हते? खडखडाटाचा माग घरच्या घरी

"आरं, माझ्यापरीस तुजी गाडीच जास्त कण्हतीया!"

मावशी असे म्हणाली तेव्हा गाडीतले सगळे हसले. पण गाडी चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा चेहरा पडला. मावशीला उपचारासाठी वैरागहून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात न्यावे लागत होते. एकदा नव्हे, अनेकदा. दुखऱ्या अंगाला खड्ड्यांचे हिसके बसतच होते, त्यात कानाशी सतत खडखड. भावाची व्हॅन जुनी, तीन हात फिरून आलेली. पण तिच्याच भाड्यावर त्याचे घर चालते. आवाज करणाऱ्या गाडीत गिऱ्हाईक एकदा बसते, दुसऱ्यांदा बसत नाही.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितले, "डॅशबोर्ड उतरवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून भाऊ गप्प घरी आला. शेजारच्या एकाने सल्ला दिला, "नजर लागलीया गाडीला. लिंबू-मिरची बांध." भावाने ती बांधली नाही. आवाज आहे तर त्याला कारण आहे, आणि कारण असेल तर ते शोधता येते, एवढी शिकवण आमच्या घरात होती. मग एका रविवारी तो, वहिनी आणि दहावीत शिकणारी पुतणी असे तिघे मिळून कारण शोधायला बसले.

आवाजाचे दोन प्रकार

गाडीच्या आत होणारे आवाज मुख्यतः दोन प्रकारचे. दोन कडक वस्तू एकमेकींवर आपटल्या की खडखड होते. सैल स्क्रू, सुटलेली क्लिप, सीटखालचा जॅक ही त्याची उदाहरणे. दोन वस्तू दाबून बसलेल्या असताना एकमेकींवर घासल्या की करकर किंवा चरचर होते. दाराचे रबर, प्लास्टिकचे जोड, सीटचे कातडे हा आवाज करतात. खडखडीला पक्के आवळणे किंवा मध्ये मऊ अस्तर घालणे हा इलाज. करकरीला घर्षण कमी करणे हा इलाज. हा फरक न ओळखता सरसकट तेल ओतले तर पैसे जातात, आवाज राहतो.

आधी गाडी रिकामी करा

कोणताही पेच सोडण्याआधी गाडी संपूर्ण रिकामी करावी. डॅशबोर्डचा कप्पा, दारांचे खिसे, सीटखालची जागा, डिकी, सगळे. पाण्याची बाटली, सुटे पैसे, पाना, चष्म्याचे घर, जॅक, स्टेपनी सगळे उतरवून मग एक चक्कर मारावी. पुष्कळदा निम्मा आवाज इथेच संपतो. आमच्या व्हॅनमध्ये जॅक त्याच्या खोबणीत नुसताच पडलेला निघाला. तो जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून पट्ट्याने बांधला, तेव्हा खडखडाटाचा मोठा हिस्सा गेला.

आता उरलेल्या आवाजाचा माग काढायचा. या कामाला दोन माणसे हवीत. चालवणाऱ्याने फक्त रस्त्याकडे पाहावे. दुसऱ्याने हाताच्या तळव्याने एकेक भाग दाबून धरावा. आधी दाराचे अस्तर, मग डॅशबोर्डचा कोपरा, काच, छताची पट्टी, सीटची पाठ. ज्या ठिकाणी दाबल्यावर आवाज थांबतो, तिथे किंवा त्याच्या आसपास दोष असतो. सकाळी वर्दळ नसताना, ओळखीच्या खराब रस्त्यावर सावकाश गाडी चालवावी. वापरात नसलेल्या सीटबेल्टचे बक्कल खांबावर आपटते का, हेही पाहावे. हा चोर सहसा सापडत नाही, कारण त्याच्यावर कुणाचा संशयच जात नाही.

पुतणीने एक वही केली होती. कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, सकाळी की दुपारी, वळताना की सरळ जाताना, असे तिने लिहून ठेवले. त्यातून एक गोष्ट दिसली. काही आवाज उभ्या गाडीतही येत होता. मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून, गिअर न टाकता इंजिनचा वेग हळूहळू वाढवला की तो सुरू होई. म्हणजे हा आवाज रस्त्याचा नव्हता, इंजिनच्या कंपनाचा होता. सायलेन्सरचे लटकते रबर तुटले किंवा त्यावरचा उष्णतेचा पत्रा सैल झाला तरी आवाज आतूनच आल्यासारखा वाटतो. आवाज समजण्यासाठी चालत्या गाडीचे इंजिन मात्र कधीही बंद करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

कान फसतो तो कसा

गाडीचा पत्रा आवाज लांब वाहून नेतो. म्हणून दोष मागे आणि आवाज पुढे, असे घडते. त्यावर साधी युक्ती आहे. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक संशयित जागेजवळ फिरवावे, डॉक्टर छातीला नळी लावतात तसे. अर्थात हे काम मागे बसलेल्याने करायचे.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऊन. तापल्यावर प्लास्टिक लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगते. एक मीटर लांबीचा प्लास्टिकचा भाग ३० अंशांनी तापला तर सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतो. तेवढाच लोखंडी भाग अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून सकाळी करकरणारी गाडी दुपारी गप्प होते, किंवा उलट घडते. गॅरेजमध्ये नेली की आवाज येत नाही, त्याचे हेही एक कारण आहे. तिथे जाताना वही सोबत न्यावी.

मोठ्या कंपन्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत आवाज आणि कंपन यांच्या तपासणीसाठी खास प्रयोगशाळा आहे. १९५८ साली रोल्स रॉईस कंपनीने जाहिरात केली होती की, ताशी ६० मैल वेगातही आमच्या गाडीत सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा असतो. विजेवरच्या गाड्यांत तर इंजिनचा आवाज नसल्यामुळे बारीकशी किरकिरही कानाला टोचते.

स्वस्त साहित्य, थोडी काळजी

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, स्पंज, जाड लोकरी कापड आणि कापडी चिकटपट्टी एवढ्यावर बरेच काम भागते. दाराच्या अस्तराच्या तुटलेल्या क्लिपा मात्र नव्याच घालाव्यात. रबराला सिलिकॉनचा फवारा मारावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते आणि धूळही चिकटते. तारांजवळ कागद किंवा कापूस कोंबू नये, आगीचा धोका असतो. ज्या भागावर 'एअरबॅग' असे लिहिले आहे तो भाग आणि पिवळ्या जोडाच्या तारा यांना घरी हात लावू नये. ते जाणत्या कारागिराचे काम.

हे आवाज दाबू नका

काही आवाज गाडीचा इशारा असतात. ब्रेक हलकेच दाबल्यावर थांबणारी खडखड, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पूर्ण वळण घेताना होणारी टकटक, खड्ड्यात पडल्यावर खालून येणारा 'धाड' असा आवाज, हळू वेगात चाकातून येणारी ठकठक, यांवर स्पंज चालत नाही. गाडी त्याच दिवशी मिस्त्रीला दाखवावी. चाकाचे नट तर लगेच तपासावेत. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

आमच्या व्हॅनचा शेवटचा आवाज पुतणीच्या नळीने पकडला. डॅशबोर्डमधून येतोय असे वाटणारी ती ठकठक मागच्या सीटच्या पायातली होती. एक बोल्ट जवळजवळ निघाला होता. दुसराही सैल होता. म्हणजे ज्या सीटवर मावशी बसत होती, तीच जमिनीला धड बांधलेली नव्हती! जोराचा ब्रेक लागला असता तर काय झाले असते, या विचाराने वहिनी मटकन खाली बसली. भाऊ त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये गेला आणि योग्य मापाचे नवे बोल्ट घालून पक्के आवळून आणले. डॅशबोर्ड उतरवावा लागला नाही.

पुढच्या खेपेला मावशीने अर्ध्या वाटेपर्यंत डोळे मिटून घेतले होते. भावाने घाबरून विचारले, "मावशे, दुखतंय का गं?"

"न्हाई रं," ती म्हणाली, "झोप लागली व्हती."

आवाजाची सवय झाली की तो ऐकू येईनासा होतो, आणि धोका तिथेच असतो. ज्यांच्या घरात गाडी आहे, मग ती स्वतःची असो की मालकाची, त्यांनी या रविवारी तासभर काढावा. गाडी रिकामी करावी, पोरांना वही-पेन्सिल घेऊन मागे बसवावे आणि गाडी काय सांगते ते नीट ऐकावे.