सोनं सापडो न सापडो, टँकर लागणारच

सोन्याची खाण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कुदळ, हातोडा, धूळ आणि 'केजीएफ'मधला यश. पाणी कुणालाच आठवत नाही. पण खाणीच्या धंद्यात सोन्याच्या खालोखाल भाव असतो तो पाण्यालाच. खोदणाऱ्याला तहान लागते हे तर झालंच, शिवाय मातीतून सोनं वेगळं करायचं तर माती धुवावी लागते. सोनं जड, ते तळाशी बसतं आणि माती वाहून जाते. आपल्याकडे सराफ बाजारातली धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच करतात. कोलारच्या खऱ्याखुऱ्या खाणींसाठीही पालार नदीवर बेथमंगलाला खास पाणीयोजना करावी लागली होती.

हे सगळं ठाण्या-डोंबिवलीच्या कॉलेजवाल्यांना कशाला सांगायचं? कारण आपल्याकडेही एक गोल्ड रश चालू आहे. घोडबंदर रोडला, कल्याण-शीळ रस्त्यावर, टिटवाळ्याच्या बाजूला. फरक एवढाच की इथे सोनं जमिनीखाली नाही, जमीनच सोनं आहे. माणसं आधी आणि पाइपलाइन नंतर, हा क्रम मात्र डिट्टो तोच.

आधी थोडं ऑस्ट्रेलियात जाऊ. 1892 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डीला सोनं सापडलं, पुढच्याच वर्षी जवळच्या कालगुर्लीला. हजारो लोक धावले. जागा होती वाळवंटी, नदी नाही, विहीर खणली तर खारं पाणी. सोनं धुवायलाही पाणी नव्हतं, म्हणून लोक माती वाऱ्यावर सोडायचे. आपली आजी सुपात धान्य पाखडायची ना, तसं सोनं पाखडायचं! मग काही हुशार मंडळींनी सोन्याचा नाद सोडला आणि दुसरं दुकान थाटलं. खारं पाणी लाकडं जाळून उकळायचं, वाफ थंड करायची आणि ते पाणी गॅलनवर विकायचं. गॅलन म्हणजे साडेचार लिटर. टंचाईत त्याला एक-दोन शिलिंग पडायचे. आसपासची झाडं जळणापायी संपत गेली, टायफॉइडने माणसं मेली, आणि धंदा चालूच राहिला. सोनं सापडेल की नाही हा जुगार होता. संध्याकाळी तहान लागणार, हे पक्कं होतं.

घोडबंदरच्या टँकरवाल्याचा धंदा याच गणितावर चालतो. चला, कागद-पेन घ्या.

शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हवं असा सरकारी निकष आहे. चार माणसांच्या घराला 540 लिटर. समजा तुमच्या टॉवरमध्ये 120 फ्लॅट आहेत. झाले जवळपास 65 हजार लिटर, रोजचे. समजा त्यातलं निम्मं महापालिकेचं येतं. उरलेल्यासाठी दहा हजार लिटरचे तीन टँकर लागणार. टँकरचा भाव सोसायटीगणिक आणि महिन्यागणिक बदलतो, आपण हिशेबापुरते दोन हजार रुपये धरू. दिवसाला सहा हजार, महिन्याला एक लाख ऐंशी हजार, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमागे 1,500 रुपये. हा पैसा मेंटेनन्सच्या बिलात कुठल्या तरी ओळीत दडलेला असतो आणि बाबा दर महिन्याला 'मेंटेनन्स फार वाढलाय हो' म्हणत भरत असतात. वर्षाचे झाले 21 लाख 60 हजार. अशा दहा इमारती घेतल्या तर पाच वर्षांत 10 कोटी 80 लाख रुपये खर्च होतात. आणि हातात पाइपचा एक फूटही येत नाही.

टँकरवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याच्या बाजूनेही बघा. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन वजन. डिझेल, ड्रायव्हर, विहीरवाल्याचे पैसे, आणि सगळ्यात महाग म्हणजे वेळ. दिवसात किती फेऱ्या होतात, यावरच त्याची कमाई ठरते. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये टँकर तासभर अडकला की एक फेरी गेली. म्हणजे आपण पैसे मोजतो ते पाण्याचे कमी आणि वाहतुकीचे जास्त. जमिनीखालचं पाणी उपसायला परवाना लागतो, हा भाग वेगळाच. 10 एप्रिल 2025 ला मुंबईतल्या टँकरवाल्यांनी भूजलाच्या परवान्यांच्या नियमांवरून बंद पुकारला, तेव्हा चार-पाच दिवसांतच मोठमोठ्या सोसायट्यांची धांदल उडाली. महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढावा लागला. एरवी रस्त्यात आडवा येणारा टँकर त्या आठवड्यात देवासारखा वाटला असणार!

मग पाइप का नाही टाकत, असं तुम्ही म्हणाल. कूलगार्डीच्या लोकांनीही तेच विचारलं होतं. तिथला इंजिनिअर सी. वाय. ओकॉनर आणि वसाहतीचा प्रीमियर जॉन फॉरेस्ट यांनी 1896 मध्ये जे मांडलं ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं. पर्थजवळ मुंडेरिंगला धरण बांधायचं आणि तिथून साडेपाचशे किलोमीटरचा लोखंडी पाइप टाकून, आठ पंपिंग स्टेशनांनी पाणी तीनशे मीटरहून जास्त वर चढवत खाणींपर्यंत न्यायचं. खर्च 25 लाख पाउंड, म्हणजे त्या वसाहतीच्या जवळपास वर्षभराच्या बजेटएवढा. पैसे आणले कर्जाने. ते फेडायचं पाणी विकून, आणि दर धरला होता हजार गॅलनला साडेतीन शिलिंग. जिथे एका गॅलनला एक शिलिंग मोजावा लागत होता, तिथे हे पाणी अडीचशे पटीहून स्वस्त! पेपरांनी ओकॉनरवर इतकी चिखलफेक केली की मार्च 1902 मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. दहा महिन्यांनी, 24 जानेवारी 1903 ला, कालगुर्लीत पाणी पोहोचलं. ते आजही पोहोचतंय.

यातली मुद्द्याची गोष्ट पाइप नाही, कर्ज आहे. टँकरचे पैसे लोक रोज थोडेथोडे, वेगवेगळ्या खिशांतून देतात. पाइपचे पैसे एकदम, आधी आणि एकाच गल्ल्यातून लागतात. तो गल्ला सांभाळणारं कुणीतरी हवं. कॅलिफोर्नियात कोलंबिया नावाच्या गावी खाणकामगार पाणी कंपनीच्या दरांना वैतागले आणि 1850 च्या दशकात त्यांनी स्वतःचीच कंपनी काढून कालवा खणायला घेतला. तो पुरा होईपर्यंत वर्षं गेली, सोनं ओसरलं, आणि शेवटी तो कालवा कवडीमोलाने जुन्या कंपनीच्याच घशात गेला. दहा सोसायट्यांनी मिळून पाइप टाकू, असं म्हणणाऱ्या काकांना हा किस्सा नक्की सांगा. हे काम सोसायटीचं नाहीच.

ज्यांचं आहे त्यांचं चित्र असं. ठाणे महापालिका चार ठिकाणांहून पाणी उचलते: स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. इमारती मात्र एकाच वेगाने वाढतात. 2017 मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याच्या प्रश्नावरून घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांना काही काळ स्थगिती दिली होती. इमारतीच्या ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल असतो, त्यात भरायचं पाणी कुठून येणार ते नसतं.

कल्याण-डोंबिवलीत 27 गावांची कहाणी तर वेगळा लेख होईल. 1983 ला गावं महापालिकेत, 2002 ला बाहेर, 2015 ला पुन्हा आत. दरवेळी हद्दीची रेघ हलली, नळ तिथेच राहिला. इथे पाणी येतं एमआयडीसीचं, बारवी धरणातून. म्हणजे मुळात कारखान्यांसाठी उभारलेल्या व्यवस्थेतून. अमृत योजनेतून जलकुंभांची आणि वाहिन्यांची कामं निघाली, पण तहान कामाच्या वेळापत्रकाने लागत नाही. मे 2022 मध्ये डोंबिवलीजवळ संदपच्या खदानीत कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. घरी पुरेसं पाणी येत नाही म्हणून खदानीवर जावं लागतं, असं तेव्हा गावकरी सांगत होते. टँकर ज्याला परवडतो, त्याच्यासाठी पाणीटंचाई हा खर्च आहे. ज्याला परवडत नाही, त्याला खदानीच्या काठावर उतरावं लागतं. माझ्या मते या सगळ्या हिशेबात न मांडलेला आकडा तो आहे.

आणखी एक फरक सांगायचा राहिला. कालगुर्लीचा पाइप खाणींसाठी टाकला, पण वाटेतल्या गावांना आणि गव्हाच्या शेतांनाही त्यातून जोडण्या मिळाल्या. त्या पाण्याचा तिथल्या गव्हाच्या पट्ट्याला आधार झाला. आपल्याकडे कसाऱ्याची लोकल पकडा आणि आसनगावला उतरा. हा शहापूर तालुका. 1892 पासून मुंबईला पाणी देणारं तानसा इथलं, भातसाही इथलंच. मुंबईकडे जाणारे पाइप इतके जाड की त्यांच्या बाजूला माणूस ठेंगणा दिसतो. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात सरकारी टँकर फिरतो. टँकर आला की हंडे, कळश्या, ड्रम यांची रांग लागते. परीक्षा संपलेल्या पोरीही त्या रांगेत असतात, आणि काही परीक्षा न संपलेल्याही.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली की हिशेबाची पुस्तिका घरी येते. ती बहुतेक वेळा न उघडताच रद्दीत जाते. यंदा ती उघडा आणि दोन आकडे शोधा: महापालिकेच्या पाण्याचं बिल आणि टँकरचा खर्च. मग गेल्या तीन वर्षांचे तेच आकडे शेजारी मांडा.