मध्यवर्ती न्यूरोसायटोमा

मध्यवर्ती न्यूरोसायटोमा हे मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांमध्ये, म्हणजे विवरांमध्ये, उद्भवणारे दुर्मिळ अर्बुद (गाठ) आहे. मेंदूच्या एकूण अर्बुदांत त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते. दोन पार्श्व विवरांमधील पातळ पडद्याजवळ, मन्रोच्या रंध्रालगत, ते बहुधा आढळते. रुग्ण प्रामुख्याने २० ते ४० वर्षे वयाचे असतात.

लक्षणे

गाठ सावकाश वाढते. तिचा धोका मुख्यतः जागेमुळे निर्माण होतो. मेंदूत दररोज सुमारे अर्धा लिटर मस्तिष्क-मेरुद्रव तयार होतो आणि पार्श्व विवरांतील द्रव मन्रोच्या अरुंद रंध्रातून तिसऱ्या विवरात उतरतो. ही वाट अडली की द्रव साचून कवटीतील दाब वाढतो. सकाळी तीव्र होणारी डोकेदुखी, उलट्या आणि अंधुक दृष्टी ही त्याची चिन्हे होत. सुरुवातीला ती अर्धशिशी किंवा चष्म्याचा नंबर समजून दुर्लक्षिली जाऊ शकतात. वाट एकाएकी पूर्ण बंद झाल्यास रुग्ण बेशुद्ध होतो व मृत्यूही ओढवू शकतो.

निदान

या गाठीच्या गोल, एकसारख्या पेशी ऑलिगोडेंड्रोग्लायोमाच्या पेशींसारख्याच दिसतात. त्यामुळे पूर्वी दोन्हींची गल्लत होत असे. फ्रान्समधील हासून व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यांत चेतापेशींची लक्षणे आढळली आणि या अर्बुदाला स्वतंत्र नाव मिळाले. आता सिनॅप्टोफायसिन या प्रथिनाच्या चाचणीने निदान पक्के करतात. एमआरआयमध्ये गाठ साबणाच्या फेसासारखी बुडबुडेदार दिसते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एमआरआयची सोय नसते. त्यामुळे दौंड तालुक्यातील पाटससारख्या गावच्या रुग्णाला सोलापूर रस्त्याने पुणे गाठावे लागू शकते. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करते.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे अर्बुद दुसऱ्या श्रेणीत मोडते. गाठ पूर्ण काढता आल्यास बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. मात्र स्मृतीशी संबंधित तंतू शेजारीच असल्याने शल्यविशारदाला कधी काही भाग मागे ठेवावा लागतो. त्यावर किरणोपचार करता येतात. शस्त्रक्रियेनंतरही द्रव साचत राहिल्यास तो पोटात वाहून नेणारी नळी बसवतात. क्वचित असेच अर्बुद विवरांबाहेर, मेंदूच्या गरातही आढळते. त्याला विवरबाह्य न्यूरोसायटोमा म्हणतात.