विजेच्या गावात वीज कमी पडली!

दीपनगरात राहणाऱ्या माणसाने वीज पुरत नाही म्हणून रडावे, हे तापीच्या पात्रात उभे राहून तहान लागली म्हणून ओरडण्यासारखेच आहे. भुसावळहून वरणगावकडे निघालात की आमच्या औष्णिक वीज केंद्राची धुरांडी फार लांबून दिसू लागतात. १९६८ साली इथला पहिला, लहानसा संच सुरू झाला. १९७९ आणि १९८२ साली २१० मेगॅवॅटचे दोन संच आले. २०१२ साली ५०० मेगॅवॅटचे आणखी दोन. रात्रंदिवस कोळशाच्या वाघिणी येतात, हतनूर धरणाचे पाणी येते आणि तारांवरून वीज दूरदूर जाते. एवढ्या विजेच्या उशाशी झोपणाऱ्या माझ्या घरात गेल्या वर्षी थोडेसे वॅट कमी पडले, आणि माझी पंधरा वर्षांची जमवाजमव एका रात्रीत जळून जायची वेळ आली. त्याची ही हकीकत.

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. सौ. वीज केंद्राच्या कार्यालयात नोकरीला आहे म्हणून आमची क्वार्टर अजून सुटलेली नाही. वडील, म्हणजे आप्पा, दुसऱ्या संचाबरोबरच १९७९ साली इथे लागले आणि बत्तीस वर्षे शिफ्टा करून निवृत्त झाले. आपला मुलगा इंजिनियर होईल अशी त्यांची आशा होती. मी कवितेकडे वळलो. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण फ्यूज गेला की मला हाक न मारता स्वतः स्टुलावर चढत, त्यातच सारे आले.

आजीबाईंचा खजिना

गेली पंधरा वर्षे मी सुट्टीच्या दिवशी खानदेशातल्या खेड्यांतून हिंडतो. अमळनेर, चोपडा, साक्री, शिरपूर या बाजूच्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, गप्पागोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवतो. बोली अहिराणी. असे सव्वाशे तासांचे ध्वनिमुद्रण माझ्याजवळ जमले आहे आणि त्यांतल्या कितीतरी आजीबाई आता या जगात नाहीत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली नसती, तर १९५२ साली ते पुस्तक आपल्या हाती पडलेच नसते. ज्या म्हातारीला सोपानदेव लाभले नाहीत तिचे काय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

सव्वाशे तास ऐकून हाताने उतरवून काढायचे तर माझे उरलेले आयुष्य जाईल. पण बोललेले ऐकून लिहून काढणाऱ्या संगणकीय प्रणाल्या आता निघाल्या आहेत. २०२२ साली आलेल्या ‘व्हिस्पर’ नावाच्या प्रणालीला मराठी कळते. अहिराणी तिच्या यादीत नाही. पण तिने कच्चा खर्डा करावा आणि मी तो सुधारावा, असा माझा बेत होता.

त्यासाठी मी एका कचेरीतून मोडीत निघालेले वर्कस्टेशन स्वस्तात घेतले होते. दहा-बारा वर्षांपूर्वीचे, लोखंडी पेटीसारखे भक्कम धूड. काम मात्र कासवाचे. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला सबंध रात्र लागे. महाविद्यालयातला एक जाणता विद्यार्थी म्हणाला, “सर, यात ग्राफिक्स कार्ड टाका. हे गणित प्रोसेसर एकेक करून सोडवतो. कार्ड हजारो एकदम सोडवतं.”

मी एक जुने आरटीएक्स ३०६० कार्ड मिळवले आणि पेटी उघडून बसलो.

खोटी साक्ष

कार्ड स्लॉटमध्ये बसले. पण त्याच्या माथ्यावर आठ पिनांचे एक भोक वीज मागत होते. पेटीतल्या एसएमपीएसमधून, म्हणजे भिंतीची २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून देणाऱ्या डब्यातून, निघालेल्या वायरींत आठ पिनांची वायर नव्हतीच. जुना डबा काढून बाजारातला नवा बसवावा, तर मदरबोर्डला जाणारा प्लग त्या कंपनीच्या स्वतःच्या घडणीचा. बाजारातला डबा त्याला जुळेना.

एका दुकानात चौकशी केली. “कन्व्हर्टर आहे ना!” असे म्हणून दुकानदाराने वीतभर वायर हाती ठेवली. एका टोकाला हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा साटा प्लग जोडायचा, दुसऱ्या टोकाला आठ पिना तयार. किंमत चहा-नाश्त्याएवढी. मी खूश झालो. वायर जोडली, संगणक सुरू झाला, पडद्यावर चित्र आले. जोडले आणि चालले, म्हणजे बरोबरच जोडले असणार, अशी आम्हा अडाण्यांची समजूत असते.

रात्री साडेअकराला मी पहिले ध्वनिमुद्रण लावून दिले आणि पलंगावर आडवा झालो. पाऊण तास झाला असेल. बाहेरच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, “काय करी ऱ्हायना रे?” आणि मी उठेपर्यंत ते आत येऊन भिंतीवरचे बटण बंद करून मोकळे झालेही.

“आप्पा, काम चालू होतं!”

“जळकं प्लॅस्टिक आहे. वास येत नाही तुला?”

मला खरेच येत नव्हता. पेटी उघडली तर तो चपटा प्लग एका बाजूने तपकिरी होऊन मऊ पडलेला. ज्या वायरीवर मी तो जोडला होता, त्याच वायरीच्या पुढच्या प्लगवर माझी हार्ड डिस्क होती. तिच्यात सव्वाशे तास होते, आणि दुसरी प्रत मी कुठेही ठेवलेली नव्हती.

ती रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही. सकाळी विद्यार्थ्याला बोलावले, डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली. ती फिरली. सगळ्या आजीबाई जागच्या जागी होत्या. त्याच दिवशी दोन नव्या डिस्का आणून दोन प्रती केल्या आणि एक धुळ्याला भावाकडे धाडली. वाचकांपैकी कोणाजवळ असे काही मोलाचे असेल, तर हा लेख इथेच खाली ठेवून त्यांनी आधी तेवढे करावे. पुढचे मग वाचावे.

आप्पांची शाळा

दुपारी आप्पा भिंग घेऊन पेटीजवळ बसले. संगणकाला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही; पण एसएमपीएसवरचे लेबल पाहताच त्यांचा चेहरा ओळखीचे माणूस भेटावे तसा झाला.

“तुझं कार्ड किती खातं?”

“१७० वॅट.”

“भिंतीच्या २३० व्होल्टवर हे झाले पाऊण अँपिअर. काहीच नाही. पण इथे व्होल्ट किती? बारा. म्हणजे चौदा अँपिअर! व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. आणि वायर तापते ती अँपिअरने.”

मग त्यांनी आपल्या केंद्राचे उदाहरण दिले. जनित्रातून निघालेली वीज रोहित्रात चढवून २ लाख २० हजार किंवा ४ लाख व्होल्टची करतात ती हौस म्हणून नव्हे. व्होल्ट जास्त तर तेवढ्याच विजेला अँपिअर कमी, आणि तार कमी तापते. संगणकाच्या पेटीत याच्या नेमके उलट आहे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. इतकी वर्षे धुरांड्यांखाली राहून हे मला कोणी सांगितले नव्हते; खरे म्हणजे मी कधी विचारले नव्हते.

आता त्या चपट्या प्लगचा हिशेब. त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना. प्रत्येकीची ताकद दीड अँपिअर. साडेचार गुणिले बारा म्हणजे ५४ वॅट. माझे कार्ड काही वीज स्लॉटमधून घेत असले तरी त्याला वरून शंभराच्या वर वॅट हवे होते. हमालाच्या डोक्यावर दोन पोती दिली, तो अर्धा तास चालला, मग बसला. दोष हमालाचा नव्हे, कार्डाचाही नव्हे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. सहा पिनांची वायर ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. मला वाटे, दोन पिना जास्त म्हणून वीज जास्त. तसे नाही! त्या जादा दोन पिना वीज आणीतच नाहीत. त्या कार्डाला फक्त साक्ष देतात, की ‘मागचा डबा १५० वॅट द्यायला समर्थ आहे, खुशाल माग.’ माझ्या कन्व्हर्टरने ती साक्ष खोटी दिली होती. आप्पांना हे समजावून सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे खोटी नेमप्लेट.” त्यांच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही.

तेव्हा जुन्या वर्कस्टेशनमध्ये कोणी कार्ड घालणार असेल, तर त्याने पुढचा हिशेब आधी कागदावर मांडावा.

माझ्या एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या चार वाटा लिहिल्या होत्या, प्रत्येकी १८ अँपिअर. बेरीज केली तर ८६४ वॅट येतात. पण त्याच लेबलावर एकूण ताकद लिहिली होती ४२५. घरातल्या प्रत्येक खोलीचा एमसीबी वेगळा असतो, म्हणून काय मीटरमधून तेवढ्या सगळ्यांची बेरीज ओढता येते? तसेच हे. एकूण आकडा धरायचा, आणि एकेका वाटेचाही मोडायचा नाही.

मग खर्चाची बाजू. प्रोसेसर १३० वॅट. मदरबोर्ड, मेमरी, पंखे, दोन डिस्का मिळून अंदाजे ६०. झाले १९०. कार्डाचे १७० मिळवले की ३६०. कागदावर ६५ वॅट शिल्लक दिसतात. पण आजची कार्डे क्षणभर आपल्या आकड्याच्या वर उसळी मारतात, आणि दहा-बारा वर्षे तापलेला डबा नव्यासारखा राहत नाही. या कार्डाला बनवणारेच ५५० वॅटचा डबा सुचवतात. “मशीन कायम फुल लोडवर ठेवायचं नसतं,” आप्पांचा शेरा.

हे प्रकरण जुन्या पेट्यांपुरतेच आहे असे मात्र समजू नका. २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०९० कार्ड एकटे ४५० वॅट घेते. माझा सबंध डबाही तेवढा देत नाही! त्याच्यासाठी ६०० वॅटपर्यंतचा सोळा पिनांचा नवा प्लग निघाला, आणि त्याच वर्षी असे काही प्लग वितळल्याच्या बातम्या जगभर आल्या. प्लग पुरता आत न बसणे हे एक कारण निघाले. आप्पांनी ऐकून मान हलवली. “लूज कॉन्टॅक्ट. चाळीस वर्षांपूर्वी तेच, आत्ताही तेच.”

अंथरूण पाहून पाय

आता उपाय काय? डबा बदलता येत नाही, वायर नाही. तेव्हा भूक कमी असलेले कार्ड शोधायचे, हाच मार्ग. संगणकाचा मोठा, सोळा वाटांचा स्लॉट स्वतःच ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो. लहान स्लॉटांचे तसे नाही, ते २५ वॅटवर थांबतात. म्हणून कार्ड कोणत्या स्लॉटात बसवायचे तेही संगणकाच्या माहितीपुस्तकात पाहून घ्यावे. केवळ स्लॉटच्या विजेवर चालणारी कार्डे आहेत. २०२१ साली निघालेले आरटीएक्स ए२००० हे ७० वॅटचे. त्याला वरून एकही वायर लागत नाही. त्याचे १२ जीबी मेमरीचे रूप मला वापरलेले मिळाले. पहिले कार्ड विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालावी लागली. पडद्याची वायर जोडायला लहान डिस्प्लेपोर्टचा प्लग तेवढा निराळा आणावा लागला.

नवी बेरीज झाली २६०. आप्पांनी ती स्वतः दोनदा तपासली. मग त्यांनी मला पेटी उघडीच ठेवायला लावली आणि पहिला तासभर खुर्ची टाकून जवळ बसले, मधून मधून नाक पुढे करीत. काही झाले नाही. जे काम रात्रभर चाले, ते अर्ध्या तासात संपले.

पहिला कागद छापून आला तो माझ्या आजीच्या बोलण्याचा. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी ते मुद्रित केले होते. आप्पांनी चष्मा चढवला. एका ठिकाणी ते अडखळले. दुपारची एस्टी येते त्या वेळची गोष्ट आजी सांगत होती, “पोऱ्या येई ऱ्हायना,” म्हणजे मुलगा येतो आहे. प्रणालीला अहिराणी कुठली? तिने प्रमाण मराठीच्या कानाने ऐकले आणि लिहिले, ‘पोऱ्या येई, राहीना.’ मुलगा येतो, पण राहत नाही!

आप्पा पुष्कळ वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. १९७९ साली गाव सोडून दीपनगरला आलेला तो पोऱ्या म्हणजे तेच. मग त्यांनी माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि ‘राहीना’ खोडून वर ठळक अक्षरांत ‘ऱ्हायना’ लिहिले.

“लोड बरोबर आहे,” ते म्हणाले, “कनेक्शन अजून लूज आहे. आण पुढचा कागद.”

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झाले की आम्ही दोघे बसतो. सव्वाशे तासांपैकी एकोणतीस झाले आहेत.