जुन्या लिनक्स संगणकावरील मंद इंटरनेट : दोष शोधण्याची रीत

पीक विम्याचा अर्ज, सातबाराचा उतारा, बाजारभावांची चौकशी ही कामे आता पुष्कळ घरी संगणकावर होऊ लागली आहेत. परंतु पान उघडता उघडत नाही आणि अर्जाची मुदत मात्र संपत येते. मग कोणी इंटरनेट पुरविणाऱ्यास दोष देतो, तर कोणी जुना संगणक टाकून नव्याच्या खर्चात पडतो. दोषाचे ठिकाण कळण्यापूर्वी केलेला असा खर्च बहुधा वाया जातो.

वाफ्यात पाणी कमी पडले म्हणून जाणता शेतकरी लगेच नवी विहीर खोदत नाही. तो विहिरीपासून पाटाच्या कडेने चालत जाऊन पाट कोठे फुटला आहे ते पाहतो. येथेही तीच रीत अवलंबावी.

प्रथम राउटरजवळ उभे राहून त्याच वायफायवर मोबाइल चालवून पाहावा. मोबाइलचा स्वतःचा डेटा त्या वेळी बंद ठेवावा. मोबाइलही मंद चालल्यास दोष राउटरमध्ये किंवा बाहेरील जोडणीत असण्याचा संभव अधिक. मात्र जोडणीचा वेग मेगाबिटांत सांगतात आणि फाइल उतरताना दिसणारा वेग बहुधा मेगाबाइटांत असतो. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून ४० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास ५ मेगाबाइट मिळाले, तर तक्रारीस कारण नाही.

मोबाइल वेगाने चालत असल्यास संगणक तारेने राउटरला जोडावा. तारेने वेग वाढला तर दोष वायफायचा समजावा. जाड भिंती व अंतर यांमुळे लहरी क्षीण होतात. तेव्हा संगणक राउटरजवळ आणावा. काही जुन्या वायफाय कार्डांना वीजबचतीची सोय बाधते. नेटवर्क मॅनेजरच्या मांडणीत ‘वायफाय पॉवरसेव्ह’ या नोंदीपुढे २ हा आकडा घालून संगणक पुन्हा सुरू केल्यास ती सोय बंद होते.

तारेनेही फरक न पडल्यास टर्मिनलमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा देऊन ८.८.८.८ हा पत्ता तपासावा. उत्तरे तत्परतेने येत असून पान सुरू होण्यासच विलंब लागत असेल, तर संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस व्यवस्था मंद असू शकते. जोडणीच्या मांडणीत दुसरा डीएनएस पत्ता घालून पाहावा.

शेवटी ‘फ्री’ ही आज्ञा द्यावी. उपलब्ध स्मृती अगदी थोडी उरली असून स्वॅपचा वापर वाढलेला दिसल्यास इंटरनेट निर्दोष असूनही पाने रेंगाळतात. ब्राउझरची अनावश्यक पाने मिटवावीत, हलका डेस्कटॉप वापरावा व शक्य असल्यास रॅम वाढवावी. आवृत्तीही पाहावी, उबुंटू १८.०४ चा नेहमीचा आधार २०२३ मध्ये संपला असल्याने अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणे सुरक्षित नाही.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि आधीचा व नंतरचा वेग वहीत टिपावा. अशी नोंद हाती असल्यास पुरवठादाराकडे तक्रार करणे सोपे जाते. ग्रामकार्यकर्त्यांनी एक गोष्ट मात्र शेतकरी बंधूंना आवर्जून सांगावी : मुदत जवळ आली असेल, तर अर्ज आधी मोबाइलवरून किंवा सेवा केंद्रातून भरावा, दुरुस्ती मागाहून करता येते, गेलेली मुदत मात्र हाती लागत नाही.