पिशवी ते पातेलं : वाघ्या घेवडा शिजत का नाही

या आठवड्यात कृष्णाकाठच्या वांग्यांवर लिहीन म्हणालो होतो. ती राहू द्या. थंडी अजून पुरती उतरलेली नाही आणि थंडीआधीच्या वांग्याला ती चव नसते. मधल्या मध्ये सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचक ताईंचं पत्र आलंय, त्याला उत्तर देणं जास्त निकडीचं आहे.

ताई आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरी करतात. मुलं दुसरीत आणि सहावीत. रविवारी एकदाच कडधान्य शिजवून ठेवा, हे मागच्या लेखात वाचून त्यांनी हौसेनं वाघ्या घेवडा आणला. रात्रभर भिजवला, सकाळी कुकरला लावून सात शिट्ट्या काढल्या. झाकण उघडून पाहतात तर दाणा दाताखाली कचकन लागतो. पुन्हा पाच शिट्ट्या. आता सालं फाटली, पाणी लाल झालं, पण आतला गर तसाच टणक. मुलांनी एकेक दाणा वेचून ताटाच्या कडेला लावला. ‘माझं काय चुकलं?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्हाला मिळालेला घेवडा बहुधा मागल्या वर्षीचा किंवा त्याच्याही मागचा असणार. त्यात तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की सोसायटीत बोअरचं पाणी येतं. जुना दाणा आणि जड पाणी एकत्र आले की चांगल्या चांगल्या सुगरणी हात टेकतात.

वाघ्या मला का आवडतो ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा खटाटोप करायचा कशाला हे कळणार नाही. हा आमच्या साताऱ्याचा दाणा. उत्तर कोरेगावच्या पट्ट्यात, म्हणजे वाठार स्टेशन, पिंपोडे, देऊर या बाजूला, पावसाळ्यात पेरतात आणि अडीच महिन्यांत काढतात. गुलाबीसर अंगावर तांबडे पट्टे, म्हणून वाघ्या. कोरेगावच्या या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कुळ राजम्याचंच, पण बाजारातल्या गडद लाल राजम्यापेक्षा साल पातळ, आणि शिजला की गर लोण्यासारखा होतो. गंमत अशी की साताऱ्याचा पुष्कळ घेवडा राजमा होऊन उत्तरेकडे जातो आणि आपण सुपरमार्केटमधून चकचकीत पाकिटातला कुठला तरी राजमा विकत आणतो.

आता जुन्या दाण्याचं काय होतं ते पाहू. घेवड्याच्या दाण्यात पेशींना पेशी चिकटवून धरणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. शिजणं म्हणजे हा पेक्टिन विरघळणं. तो विरघळला की पेशी सुट्या होतात आणि गर मऊ लागतो. दाणा उकाड्यात आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिला की त्याच्या आतच उलथापालथ सुरू होते. दाण्यात साठवलेलं फायटेट हळूहळू फुटतं, त्याला बांधलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होतं आणि जाऊन पेक्टिनला पकडतं. ही पकड एकदा बसली की रात्रभर भिजवा नाहीतर दोन दिवस भिजवा, दाणा फुगेल पण विरघळणार नाही. तुमचा अनुभव अगदी हाच आहे.

जड पाणी हेच काम बाहेरून करतं. सांगली-मिरजेच्या काळ्या जमिनीतलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारांनी भरलेलं. त्यातलं कॅल्शियम भिजतानाच दाण्यात शिरतं. साताऱ्यात ज्यांच्या नळाला कासचं पाणी येतं त्यांना हा त्रास फारसा माहीत नसतो, कारण कासच्या तलावात पठारावरचं पावसाचं पाणी साठतं आणि ते हलकं असतं. माझी एक मावसबहीण साताऱ्याहून मिरजेला सासरी गेली तेव्हा सहा महिने समजत होती की तिथला गॅसच मंद आहे.

यावर उपाय अवघड नाही. पिण्यासाठी आरओमधून गाळलेलं जे पाणी घरात असतं त्यातच घेवडा भिजवा आणि त्यातच शिजवा. दोन वाट्या घेवड्याला एवढं पाणी काही जास्त नाही. आणि भिजवताना त्या पाण्यात मीठ घाला. हो, मीठ! मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे घरोघर सांगतात, पण भिजवण्याच्या पाण्यापुरतं तरी ते खरं नाही. मिठातला सोडियम पेक्टिनला चिकटलेल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि साल लवकर मऊ पडतं. चार वाट्या पाण्याला दोन लहान चमचे मीठ, रात्रभर. सकाळी ते पाणी ओतून द्या, दाणे धुवा, नवं पाणी घाला. घेवडा जुनाच निघाला तर शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा चालेल. चिमूटभरच, जास्त झाला की आमटीला साबणाचा वास येतो आणि ब-जीवनसत्त्वातला थायमिन जातो.

शिजत नाही ही जी समजूत मिठाला चिकटलीय, ती खरं तर चिंच, आमसूल, टोमॅटो आणि गूळ यांना लागू आहे. आंबटपणात पेक्टिन विरघळायला तयार नसतो; गुळात साखर आणि कॅल्शियम दोन्ही. म्हणून आपल्या आज्या आमटीत चिंच-गूळ दाणा बोटानं दाबून बघितल्यावरच घालत. कारण कुणी सांगितलं नव्हतं, पण क्रम पक्का होता.

आता शिट्ट्या. हा माझा जुना राग आहे, तेव्हा थोडं सोसून घ्या.

सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. कमलाबाईंचा जन्म किर्लोस्करवाडीच्या शेजारच्या कुंडलचा, लग्नानंतर त्या सांगलीला आल्या. ‘रुचिरा’चं मोठेपण पाककृतींच्या संख्येत नाही, मापात आहे असं मला कायम वाटत आलंय. ‘अंदाजानं घाला’ आणि ‘इतके ग्रॅम घाला’ या दोन्ही टोकांच्या मधे त्यांनी घरातली वाटी आणि चमचा ठेवला. नव्यानं संसार मांडलेल्या मुलीकडे तराजू नसतो, सासूबाईंचा अंदाजही नसतो. वाटी मात्र असते. तुमची वाटी लहान असो की मोठी, एकाच वाटीनं सगळं मोजलंत की प्रमाण टिकतं. ज्याला संध्याकाळी सात वाजता घरी येऊन साडेआठला मुलांना जेवायला वाढायचंय त्याच्या दृष्टीनं हा फार मोठा आधार.

शिट्टीला असं कुठलंच प्रमाण नसतं. कुकरमध्ये पूर्ण दाब बसला की आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, आणि दाणा शिजतो तो या तापमानावर किती मिनिटं राहिला त्यावर. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढीच वर्दी. मोठ्या आचेवर सात शिट्ट्या सात-आठ मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्याच सात शिट्ट्यांना अर्धा तास लागेल. त्यात कुकर तीन लिटरचा की पाच लिटरचा, रबर नवं की सैल, पाणी किती, यावर पुन्हा सगळं बदलतं. म्हणजे ‘सात शिट्ट्या’ हे मापच नव्हे. शेजारणीच्या सात आणि तुमच्या सात यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

तेव्हा पहिली शिट्टी होऊ द्या, मग गॅस अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. नव्या घेवड्याला पंधरा मिनिटं पुरतात, जुन्याला पंचवीस-तीस. मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. ती ओढून काढली की आत एकदम उकळी फुटते आणि दाणे चिरफाळतात. या पंधरा मिनिटांत कुकरजवळ उभं राहायची गरज नाही. मोबाइलवर गजर लावून मुलांचा अभ्यास घ्या. शिट्ट्या मोजणाऱ्या आईला मात्र पाढेही विसरतात आणि शिट्ट्याही.

घेवड्याच्या बाबतीत एक गोष्ट गमतीनं घेण्यासारखी नाही, ती इथेच सांगतो. राजमा-घेवड्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी तासा-दोन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू होऊ शकतात. खळखळत्या उकळीत दहा मिनिटं ठेवलं की ते नष्ट होतं, कुकरमध्ये तर होतंच. धोका कमी आचेचा आहे. सकाळी लावून संध्याकाळी उघडायची जी विजेची संथ भांडी आता मिळतात, त्यांत आतलं तापमान पुरेसं चढत नाही. इंग्लंडमध्ये १९७०-८०च्या दशकांत अशा अर्धवट शिजलेल्या राजम्यानं आजारी पडलेल्यांच्या नोंदी आहेत. तेव्हा असं भांडं कुणी भेट दिलं असेल तर त्यात खीर करा, घेवडा आधी कुकरमधूनच काढा. मटकी-मुगासारखे मोड आणून तो कच्चा खाण्याचाही विचार नको. आणि तुमच्याकडचा तो टणक राहिलेला घेवडा? त्याला पूर्ण दाबाखाली बारा शिट्ट्या मिळाल्यात, त्यामुळे विषाची भीती नाही, पण मुलांना देऊ नका, पोट दुखेल. पुन्हा अर्धा तास शिजवा, मिक्सरमधून काढा आणि थालीपिठाच्या भाजणीत मळा.

खरेदीचं राहिलंच. नवा घेवडा दिवाळीच्या आसपास बाजारात येतो, म्हणजे आत्ताच. दुकानदाराला ‘चांगला आहे का’ असं विचारून उपयोग नाही, चांगलाच असतो. ‘या हंगामाचा की मागला’ असं विचारा आणि मूठभर हातावर घेऊन बघा. नव्या वाघ्याची जमीन फिकट गुलाबी असते, पट्टे उठून दिसतात, सालाला तकाकी असते. जुन्याचा रंग काळपट तपकिरी होत जातो आणि पट्टे जमिनीत विरून जातात. लाल राजम्यात हे वय लपतं, वाघ्यात लपत नाही. हा मला त्याचा मोठाच गुण वाटतो. साताऱ्यात राहत असाल तर कोरेगाव वीस किलोमीटरवर आहे, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. सांगलीकरांना गणपती पेठेत मिळेल, पण वाठारला कुणी पाहुणे असतील तर त्यांनाच सांगा. वाठार आणि विश्रामबाग दोन्ही पुणे-मिरज लाइनवरच, पिशवी कुणाच्याही हाती येऊ शकते.

वर्षाचा घ्यायचा तर दोन कडक उन्हं दाखवा, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा शेगडीच्या वरच्या फळीवर मुळीच ठेवू नका. तिथल्या उष्णतेनं आणि वाफेनं तो सहा महिन्यांत म्हातारा होतो. फ्लॅटमध्ये ऊन नसेल तर वर्षाचा घेऊच नका, दोन-दोन किलो आणा.

रविवारचं गणित सोपं आहे. दोन वाट्या कोरड्या घेवड्याचा शिजून साधारण पाच वाट्या होतो. पाण्यासकट दोन डब्यांत भरून एक फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस बिनघोर टिकतो, दुसरा फ्रीजरमध्ये. आमटी करायला मग खरोखर पंधरा मिनिटं लागतात. तेलात जिरं, भरपूर ठेचलेला लसूण आणि कांदा परतायचा, डब्यातला घेवडा पाण्यासकट ओतायचा, दोन पळ्या दाणे कढईतच दाबून मोडायचे म्हणजे रस्सा आपोआप दाट होतो. चमचाभर दाण्याचा कूट. इथं मुलांच्या वाट्या आधी काढून घ्या, आणि मग आपला कांदा-लसूण मसाला घाला. शेवटी आमसूल आणि गुळाचा खडा. बरोबर ज्वारीची भाकरी. थापायला वेळ नसेल तर तयार भाकरी आणायला काही कमीपणा नाही, साताऱ्या-सांगलीत गल्लोगल्ली बायका ताज्या भाकरी करून देतात आणि त्या आपल्यापेक्षा बऱ्या करतात.

दुसऱ्या दिवशी डब्याला तोच घेवडा कोरडा परतून, लिंबू पिळून द्या. संध्याकाळी शाळेतून आल्यावर भडंगात चार चमचे शिजलेला घेवडा, कांदा, कोथिंबीर. सहावीतला मुलगा हे स्वतःचं स्वतः कालवून घेऊ शकतो आणि त्यानं घ्यावंही.

ताईंनी ताजा कलम लिहिलाय की धाकटीला घेवड्यानं पोटात गॅस धरतो. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की तो बराचसा कमी होतो, कारण वात धरणाऱ्या शर्करांपैकी काही त्या पाण्यातच उतरतात. फोडणीला हिंग आणि थोडा ओवा घाला. आणि पहिले दोन-तीन आठवडे तिला अर्धी वाटीच वाढा. घरात रोज डाळ-भात खाणाऱ्या पोराला एकदम वाटीभर घेवडा जड जातो, सवय झाली की मागून घेईल.