एकसमान बहुवारिक कण

एकसमान बहुवारिक कण : बहुवारिकाचे (पुष्कळ लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूच्या संयुगाचे) पाण्यात विखुरलेले व जवळजवळ सारख्याच व्यासाचे सूक्ष्म गोल कण. १९४७ मध्ये मिशिगन विद्यापीठात डाऊ केमिकल कंपनीच्या पॉलिस्टायरीन लॅटेक्समधील कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे आढळले. तेव्हापासून सूक्ष्म लांबीचे प्रमाण म्हणून त्यांना महत्त्व आले.

निर्मिती : स्टायरीन पाण्यात फारच थोडे विरघळते. ते नायट्रोजनाच्या वातावरणात पाण्यात ढवळत ठेवून सु. ७०° से. तापमानास पोटॅशियम परसल्फेट घालतात. त्यापासून मिळणाऱ्या मुक्त मूलकांमुळे शृंखला वाढतात, अविद्राव्य होतात व त्यांची कणकेंद्रके बनतात. शृंखलांच्या टोकांवरील सल्फेट गटांच्या ऋण विद्युत् भारामुळे कण एकमेकांस चिकटत नाहीत.

केंद्रके अल्प काळातच निर्माण होऊन पुढे फक्त त्यांचीच वाढ होणे, हे एकसमानतेचे मर्म होय. सर्व लहान कणांचे घनफळ सारख्याच त्वरेने वाढल्यास मूळचा फरक बुजतो. उदा., १ व २ एकके घनफळाच्या कणांत प्रत्येकी ९ एककांची भर पडली, तर व्यासांतील फरक सु. २६ टक्क्यांवरून सु. ३ टक्क्यांवर येतो. वाढ चालू असता पायसकारक जास्त झाल्यास मात्र नवे बारीक कण उत्पन्न होऊन एकसमानता नष्ट होते.

मोठे कण : तयार कण बीज म्हणून वापरून ते वाढविता येतात, परंतु काही मायक्रोमीटरपेक्षा मोठ्या कणांबाबत गुरुत्वाची अडचण येते. स्टायरीन शोषलेले कण पाण्याहून हलके असल्याने वर येतात, तर बहुवारिकीकरणानंतर जड होऊन तळाशी बसतात. जोराने ढवळल्यास ते साकळतात. यास्तव १९८२-८३ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानांत जवळजवळ वजनरहित अवस्थेत १० मायक्रोमीटर व्यासाचे कण तयार करण्यात आले. १९८५ मध्ये ते प्रमाण पदार्थ म्हणून विक्रीस आले. त्यापूर्वीच, १९७० नंतरच्या दशकात, नॉर्वेचे जॉन उगेलस्टाड यांनी पृथ्वीवरच उपयोगी पडणारी रीत शोधली होती. बिजात प्रथम पाण्यात अत्यल्प विद्राव्य असे लहान रेणूंचे संयुग मुरविल्यास ते स्वतःच्या शंभरपटींहून अधिक घनफळाचे एकवारिक शोषून घेते.

उपयोग : सूक्ष्मदर्शक व कणगणक यांचे अंशन आणि गाळण्यांची परीक्षा यांसाठी हे कण वापरतात. प्रतिपिंडांचा लेप दिलेले चुंबकीय कण रक्तातील विशिष्ट कोशिका वेगळ्या करण्यास उपयोगी पडतात. अशा कामांत मोजमापाची विश्वसनीयता कणांच्या एकसमानतेवर अवलंबून असते.