जिंतूरची वेलांटी, पूर्णाचा रफार

लग्नसराई असो की फेब्रुवारीतला तुराबुल हक साहेबांचा उरूस, परभणी फ्लेक्सनी भरून जाते. वीस फुटी फ्लेक्ससाठी मोबाइलवरून आलेले हजार पिक्सेल रुंदीचे चित्र दिले, तर एकेक ठिपका सहा मिलिमीटरचा होतो आणि चेहरा फुटतो. त्याच फ्लेक्सवर कोरल ड्रॉमध्ये काढलेले नाव मात्र रेखीव राहते, कारण ते ठिपक्यांचे नसून समीकरणांचे असते.

डीटीपीवाले ज्याला कर्व्ह म्हणतात, ती बेझिए वक्ररेषा. तिच्या एका तुकड्याला दोन टोके आणि वळण ठरवणारे दोन बिंदू लागतात. म्हणजे सारे मिळून आठ आकडे. अक्षर दहापट करायचे तर आकडे दहाने गुणायचे, रेघ नव्याने काढली जाते. मोटारींच्या पत्र्यांची वळणे नेमकी करण्यासाठी सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये हे गणित मांडले. कंपनीने ते गुपित ठेवले. रेनो कंपनीचे पिएर बेझिए यांनी आपली पद्धत साठच्या दशकात प्रसिद्ध केली, म्हणून नाव त्यांचे लागले.

इलस्ट्रेटर (१९८७), कोरल ड्रॉ (१९८९) आणि मोफत मिळणारे इंकस्केप (२००३) या तिन्ही प्रोग्रॅमांत गणित हेच आहे. त्यामुळे रेघेच्या सफाईवरून त्यांत डावे-उजवे करण्यात फारसा अर्थ नाही. आपण तपासायचे ते मराठी अक्षर.

युनिकोडमध्ये ‘जिंतूर’ साठवताना आधी ‘ज’ येतो, मग पहिली वेलांटी. दिसताना वेलांटी आधी हवी. ‘पूर्णा’मधला अर्धा ‘र’ साठवणीत ‘ण’च्या आधी असतो, पण रफार जातो थेट ‘णा’च्या डोक्यावर. ही अदलाबदल प्रोग्रॅमला यावी लागते. पेजमेकर या जुन्या डीटीपी प्रोग्रॅमला ती येत नव्हती. म्हणून जुन्या फॉण्टांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले. छपाई सुरेख झाली, पण तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. अशा फायलींत कितीतरी स्मरणिका आणि ग्रामपत्रिका अडकून पडल्या आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंकस्केप युनिकोड मराठी नीट जुळवते, आणि २०२२ पासून त्यात एका फायलीत अनेक पाने करता येतात. त्याचा पाया मात्र पडद्याच्या रंगांचा आहे. चार रंगांत छापायची पुस्तिका असेल तर स्क्रायबस हा दुसरा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. २०२४ च्या १.६ आवृत्तीत तिथेही जोडाक्षरे नीट बसतात. गिऱ्हाइकांच्या जुन्या सीडीआर फायली रोज उघडाव्या लागत असतील, तर कोरल ड्रॉला पर्याय नाही. नवे दुकान टाकणाऱ्याने मात्र मोफत जोडीपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणताही प्रोग्रॅम घ्या, छापखान्याला कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या वक्ररेषा करून घेतलेली, प्रत द्या. पण मूळ फाइल युनिकोडमध्ये जपून ठेवा. कर्व्ह झालेल्या पत्रिकेतली मुहूर्ताची वेळ नंतर टाइप करून बदलता येत नाही.